लिनक्सवर ॲन्सिबल बसवणे: चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेचे उदाहरण

या पाठात आपण ॲन्सिबल हे सर्व्हर स्वयंचलनाचे सॉफ्टवेअर उबुंटू लिनक्सवर कसे इन्स्टॉल करायचे, ते इतर संगणकांशी कसे जोडायचे आणि त्याच्याकडून पहिले काम सुरक्षितपणे कसे करून घ्यायचे ते पाहणार आहोत. पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत.

१. नियंत्रक संगणकावर ॲन्सिबल इन्स्टॉल करणे.
२. एसएसएच किल्ली तयार करून ती इतर संगणकांवर पोहोचवणे.
३. संगणकांची यादी आणि एक छोटे प्लेबुक लिहिणे.
४. प्लेबुक सगळीकडे चालवण्याआधी ते तपासणे.

यासाठी टर्मिनल उघडणे, फाईल संपादित करणे आणि आयपी पत्ता म्हणजे काय एवढे माहीत असावे.

एक सूचना. या पाठात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. अंकही इंग्रजी टाका. मोकळ्या जागा, आडव्या रेघा आणि ठिपके इथे दिसतात तसेच ठेवा. मोठे अक्षर हवे असेल तिथे तसे सांगितले आहे.

१. गरज कुठे निर्माण होते

लखनौच्या सरोजिनी नगर भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि सगळ्यांवर उबुंटू आहे. काही वर्षांपूर्वी सत्रपरीक्षेच्या प्रात्यक्षिकासाठी सर्व संगणकांवर जावाची १७ ही आवृत्ती टाकायची होती. मी आणि प्रयोगशाळा सहायक दोघांनी एकेका संगणकासमोर बसून हे काम केले. एका संगणकाला बारा मिनिटे धरली तर चाळीस संगणकांना आठ तास लागतात. आम्हाला दोन दिवस लागले.

परीक्षेच्या दिवशी सत्तावीस क्रमांकाच्या संगणकावर बसलेल्या विद्यार्थिनीचा प्रोग्राम कंपाईल होईना. तिने प्रोग्राममध्ये 'व्हार' हा शब्द वापरला होता, जो जावा १० पासून चालतो. त्या संगणकावर जुने जावा ८ च राहून गेले होते. कंपायलर 'चिन्ह सापडत नाही' एवढेच सांगत होता. तिला वाटले चूक आपलीच आहे. वीस मिनिटे ती बरोबर असलेला प्रोग्राम पुन्हा पुन्हा बदलत राहिली.

आमच्या कागदावर सत्तावीस क्रमांकापुढे बरोबरची खूण होती. खूण करताना आमचा हेतू खोटा नव्हता, आम्ही फक्त दमलो होतो. माणूस तेच काम चाळीस वेळा सारख्याच काळजीने करू शकत नाही.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील नाईट कॅपिटल ही शेअरव्यवहार करणारी कंपनी. २०१२ मध्ये तिने आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम टाकला. तंत्रज्ञाकडून आठपैकी एका सर्व्हरवर तो टाकायचा राहिला आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले. आठपैकी सात सर्व्हर बरोबर होते, तरीही!

म्हणून आपल्याला असे साधन हवे की जे प्रत्येक संगणकाला तोच प्रश्न विचारेल, 'तू हवा तसा आहेस का?', आणि नसेल तर त्याला तसा करेल.

२. ॲन्सिबल म्हणजे काय

अशी साधने नवी नाहीत. १९९३ मध्ये मार्क बर्जेस यांनी ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन लिहिले. त्यानंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०११ मध्ये सॉल्ट आले. ॲन्सिबल हे मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतले. याच रेड हॅटचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. 'ॲन्सिबल' हा शब्द विज्ञानकथेतला आहे. अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या कादंबरीत ताऱ्यांच्या अंतरावरही तत्काळ निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राला हे नाव दिले होते.

आपण ॲन्सिबल निवडतो याचे कारण साधे आहे. पपेट किंवा शेफ वापरताना साधारणपणे प्रत्येक संगणकावर त्यांचा स्वतंत्र एजंट, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्राम, टाकावा लागतो. ॲन्सिबलला एजंट लागत नाही. ज्या संगणकावर काम करायचे त्यावर एसएसएच सर्व्हर आणि पायथन ३ असले की पुरते. ॲन्सिबल एसएसएचने आत जाते, कामाचा छोटा पायथन प्रोग्राम तिथे ठेवते, चालवते, उत्तर घेते आणि तो प्रोग्राम पुसून बाहेर येते.

दोन संज्ञा लक्षात ठेवा. ज्या संगणकावर ॲन्सिबल बसवतो तो 'नियंत्रक'. ज्यांच्यावर काम होते ते 'नियंत्रित' संगणक. ॲन्सिबल फक्त नियंत्रकावर बसवायचे असते. ते चाळीसही संगणकांवर टाकत बसणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

३. पूर्वतयारी

ही पायरी हातानेच करावी लागते आणि ती टाळता येत नाही. प्रत्येक नियंत्रित संगणकावर तीन गोष्टी करा.

पहिली, एसएसएच सर्व्हर. उबुंटू डेस्कटॉपवर तो आधीपासून नसतो.

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

दुसरी, एक समान यूजर. सर्व संगणकांवर 'लॅबॲडमिन' नावाचा यूजर तयार करा आणि त्याला सुडोचा अधिकार द्या.

सुडो ॲडयूजर लॅबॲडमिन
सुडो यूजरमॉड -एजी सुडो लॅबॲडमिन

ॲडयूजरमध्ये 'डी' हे अक्षर दोनदा येते. दुसऱ्या ओळीतील -एजी मध्ये पहिले अक्षर लहान ए आणि दुसरे मोठे जी आहे. लहान ए विसरलात तर तो यूजर आधीच्या इतर गटांतून बाहेर काढला जातो, तेव्हा ही ओळ नीट पाहून टाका. विद्यार्थ्यांचे खाते वेगळे ठेवा आणि त्याला सुडो देऊ नका.

तिसरी, स्थिर आयपी पत्ता. राऊटर दर वेळी नवा पत्ता देत असेल तर आजचा १०५ उद्या ११२ होईल आणि आपली यादी निरुपयोगी ठरेल. राऊटरमध्ये प्रत्येक संगणकाच्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवा. संगणकावर चिकटवलेला क्रमांक आणि पत्त्याचा शेवटचा भाग यांचा मेळ ठेवला तर पुढे फार सोपे जाते. आमच्याकडे सत्तावीस क्रमांकाचा पत्ता १२७ ने संपतो.

ज्यांनी एका संगणकाची हार्ड डिस्क क्लोन करून सगळे संगणक तयार केले आहेत त्यांनी एक गोष्ट पाहावी. क्लोन केल्यावर एसएसएचची यजमान-किल्लीही सगळीकडे तीच जाते. चाळीस माणसांना एकच ओळखपत्र दिल्यासारखे ते आहे. प्रत्येक संगणकावर ही किल्ली नव्याने तयार करून घ्या.

४. नियंत्रकावर ॲन्सिबल इन्स्टॉल करणे

नियंत्रक म्हणून लिनक्स असलेला कोणताही साधा संगणक चालतो. महागड्या सर्व्हरची गरज नाही. उबुंटूवर कमांड अशी:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲन्सिबल

फेडोरावर 'ॲप्ट'च्या जागी 'डीएनएफ' वापरा. मग तपासा:

ॲन्सिबल --व्हर्जन

इथे व्हर्जनच्या आधी दोन आडव्या रेघा आहेत. उत्तराच्या पहिल्या ओळीत 'ॲन्सिबल कोर' आणि त्याची आवृत्ती दिसेल. शेवटी शेवटी पायथनची आवृत्तीही दिसते. 'ॲन्सिबल कोर' हे मूळ इंजिन आहे. 'ॲन्सिबल' या पॅकेजमध्ये ते इंजिन आणि इतरांनी लिहिलेली शेकडो तयार मॉड्यूल असतात. शिकण्यासाठी हे मोठे पॅकेज घ्या.

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातली आवृत्ती थोडी जुनी असते, पण प्रयोगशाळेसाठी ती पुरते. सर्वात नवी आवृत्ती घेण्याची घाई करू नका, कारण नवी आवृत्ती नियंत्रित संगणकांवरही नवा पायथन मागते. ॲन्सिबल कोर २.१७ पासून नियंत्रित संगणकावर पायथन ३.६ चालत नाही, आणि उबुंटू १८.०४ वर नेमका तोच असतो. जुने संगणक असलेल्या महाविद्यालयांनी ही गोष्ट आधी तपासावी.

इन्स्टॉल करणे एवढेच. पाच मिनिटांचे काम. खरे काम यापुढे आहे, कारण आत्ता ॲन्सिबलला एकही संगणक ओळखत नाही.

५. किल्ली तयार करणे

प्रत्येक वेळी चाळीस पासवर्ड टाकणे शक्य नाही, म्हणून एसएसएच किल्ल्यांची जोडी वापरतात. नियंत्रकावर टाका:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

दोन फाईल तयार होतात. एक खाजगी किल्ली, जी नियंत्रकावरच राहते. दुसरी सार्वजनिक किल्ली, जी इतर संगणकांना द्यायची. सार्वजनिक किल्लीला कुलूप समजा. कुलूप कितीही दारांना लावता येते, पण चावी तुमच्याच खिशात राहते.

किल्ली तयार होताना पासफ्रेज विचारला जातो. तो रिकामा सोडू नका. ज्याच्या हाती ही खाजगी फाईल पडेल त्याला चाळीस संगणकांचे दार उघडे होते. पासफ्रेज दिला म्हणून दर वेळी टाकावा लागत नाही. लॉगिन केल्यावर एकदा 'एसएसएच-ॲड' ही कमांड दिली की त्या सत्रापुरते पुरते.

आता सार्वजनिक किल्ली पोहोचवा:

एसएसएच-कॉपी-आयडी लॅबॲडमिन@१९२.१६८.१०.१०१

पहिल्या वेळी 'हा संगणक ओळखीचा नाही, पुढे जायचे का' असे विचारले जाईल. येस लिहा आणि त्या संगणकावरच्या लॅबॲडमिनचा पासवर्ड द्या. हे प्रत्येक संगणकासाठी एकदा करायचे आहे. चाळीस वेळा कंटाळवाणे वाटते, पण हेच शेवटचे चाळीस.

६. संगणकांची यादी

घरच्या फोल्डरमध्ये 'लॅबकाम' नावाचा नवा फोल्डर करा. त्यात 'यादी' नावाची साधी मजकूर फाईल तयार करा:

[लॅब]
१९२.१६८.१०.[१०१:१४०]

[लॅब:व्हार्स]
ॲन्सिबल_यूजर=लॅबॲडमिन

चौकटी कंसातला 'लॅब' हे गटाचे नाव आहे. दुसऱ्या ओळीत १०१ पासून १४० पर्यंतचे चाळीस पत्ते आले. दोन्ही टोके धरली जातात. खालचा भाग या गटाला लागू होणारी माहिती सांगतो, इथे आत जाण्यासाठी कोणता यूजर वापरायचा ते.

या यादीत फक्त प्रयोगशाळेचे संगणक ठेवा. गुणांचा, हजेरीचा किंवा विद्यार्थ्यांचे काम साठवणारा सर्व्हर याच फाईलमध्ये लिहू नका. त्याच्यासाठी वेगळी फाईल करा. याचे कारण नवव्या भागात येईल.

७. पहिली तपासणी

लॅबकाम फोल्डरमध्ये उभे राहून टाका:

ॲन्सिबल -आय यादी लॅब -एम पिंग

'-आय यादी' म्हणजे कोणती यादी वापरायची, 'लॅब' म्हणजे कोणता गट, '-एम पिंग' म्हणजे कोणते मॉड्यूल. प्रत्येक संगणकाकडून 'पाँग' असे उत्तर यायला हवे. हे नेटवर्कवरचे नेहमीचे पिंग नव्हे. पाँग आले याचा अर्थ एसएसएच चालले, किल्ली चालली आणि समोरचा पायथनही चालला.

पाँग आले नाही तर पुढे जाऊ नका. आधी कारण शोधा.

आता हीच रीत वापरून एक उपयोगी प्रश्न विचारू:

ॲन्सिबल -आय यादी लॅब -ए "जावॅक -व्हर्जन"

काही सेकंदांत चाळीस उत्तरे समोर येतात. एकोणचाळीस ठिकाणी १७ आणि एका ठिकाणी १.८ असेल तर ते इथेच दिसते, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. आमच्याकडे ही एक ओळ असती तर सत्तावीस क्रमांकावरची वीस मिनिटे वाया गेली नसती.

८. प्लेबुक

प्लेबुक म्हणजे संगणक कसा असावा याचे लेखी वर्णन. ते यामल या मांडणीत लिहितात. लॅबकाम फोल्डरमध्येच 'प्रेप.वायएमएल' ही फाईल करा:

- नेम: प्रात्यक्षिकाची तयारी
  होस्ट्स: लॅब
  बिकम: ट्रू
  टास्क्स:
    - नेम: जावा १७ असावे
      ॲप्ट:
        नेम: ओपनजेडीके-१७-जेडीके
        स्टेट: प्रेझेंट
        अपडेट_कॅश: ट्रू

'होस्ट्स' म्हणजे कोणावर, 'बिकम' म्हणजे सुडोचा अधिकार घेऊन, आणि 'टास्क्स' म्हणजे कामे. 'नेम'पुढचा मजकूर खरोखरच मराठीत लिहिलात तरी चालतो, आणि काम सुरू असताना पडद्यावर तो मराठीतच दिसतो. यामलमध्ये समासातल्या मोकळ्या जागांना अर्थ असतो. टॅबची कळ वापरू नका, स्पेसच वापरा.

इथे सर्वात महत्त्वाचा शब्द 'प्रेझेंट' आहे. आपण 'इन्स्टॉल कर' असे म्हटले नाही. 'असावे' असे म्हटले. ज्या संगणकावर जावा १७ आहे तिथे ॲन्सिबल काहीच करत नाही. नसेल तिथेच टाकते. त्यामुळे हे प्लेबुक एकदा चालवा की दहा वेळा, शेवटी स्थिती तीच राहते.

उलट उदाहरण पाहू. समजा तुम्हाला एका सेटिंग फाईलच्या शेवटी एक ओळ जोडायची आहे. शेल मॉड्यूल वापरून 'ही ओळ जोड' असे सांगितले आणि प्लेबुक चार वेळा चालवले, तर फाईलमध्ये तीच ओळ चार वेळा येते. तेच काम 'लाईनइनफाईल' मॉड्यूलने केले तर ते आधी पाहते की ओळ आहे का. असेल तर पुढे जाते. म्हणून शक्य तिथे तयार मॉड्यूल वापरा. शेल मॉड्यूल दुसरा मार्ग नसेल तेव्हाच वापरा.

'प्रेझेंट'ऐवजी 'लेटेस्ट' हा शब्दही लिहिता येतो. मग दर वेळी नवीनतम आवृत्ती टाकली जाते. परीक्षेच्या आठवड्यात लेटेस्ट वापरू नका. काल चाललेली गोष्ट आज बदललेली नको.

९. चालवण्यापूर्वी

थेट चाळीस संगणकांवर प्लेबुक चालवू नका. पुढचा क्रम पाळा.

पहिले, मांडणी तपासा:

ॲन्सिबल-प्लेबुक -आय यादी प्रेप.वायएमएल --सिंटॅक्स-चेक

दुसरे, कोणावर चालणार ते पाहा. वरच्या ओळीत शेवटचा भाग बदलून '--लिस्ट-होस्ट्स' लिहा. आलेली यादी वाचा, नुसती पाहू नका.

तिसरे, एकाच संगणकावर कोरडी तालीम घ्या:

ॲन्सिबल-प्लेबुक -आय यादी प्रेप.वायएमएल --लिमिट १९२.१६८.१०.१०१ --चेक --डिफ -के

शेवटचे के मोठे अक्षर आहे. त्यामुळे सुडोचा पासवर्ड विचारला जातो. '--चेक' असल्यामुळे ॲन्सिबल काय बदलले असते ते सांगते, पण बदलत नाही. मात्र शेल आणि कमांड ही मॉड्यूल या तालमीत वगळली जातात. तालीम यशस्वी झाली म्हणजे त्यांचेही ठीक आहे असे समजू नका.

चौथे, त्याच एका संगणकावर '--चेक' काढून खरोखर चालवा आणि त्या संगणकासमोर जाऊन बसा. जावाचा एक प्रोग्राम कंपाईल करून पाहा.

पाचवे, आता सगळ्यांवर. इथेही टप्प्याने जाता येते. प्लेबुकमध्ये 'होस्ट्स'च्या खाली ही ओळ जोडा:

  सिरीअल: [१, ५, "१००%"]

आता आधी एक संगणक, मग पाच, मग उरलेले असा क्रम लागतो. पहिल्याच संगणकावर काम फसले तर ॲन्सिबल तिथेच थांबते आणि बाकीचे एकोणचाळीस वाचतात.

ही काळजी कशासाठी, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. ॲन्सिबल शिकल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी सगळे संगणक रीबूट करणारे प्लेबुक लिहिले. यादीत 'लॅब' गटाबरोबर विद्यार्थ्यांचे काम जमा होणारा सर्व्हरही होता. 'होस्ट्स'पुढे मी 'लॅब' ऐवजी 'ऑल' लिहिले. चाळीस संगणकांबरोबर तो सर्व्हरही रीबूट झाला आणि तेव्हा शेजारच्या खोलीत दुसऱ्या तुकडीचे काम जमा होत होते. सतरा मुलांना ते पुन्हा द्यावे लागले. ॲन्सिबलने काहीही चुकवले नव्हते. मी जे लिहिले तेच त्याने अगदी अचूक केले.

मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात याहून कितीतरी मोठा प्रकार घडला. तिथे विंडोज संगणकांसाठी वेगळी स्वयंचलन यंत्रणा होती. तिच्यातून संगणक फॉरमॅट करून नवे विंडोज टाकण्याचा आदेश चुकून विद्यापीठाच्या सर्व विंडोज संगणकांना गेला. त्यात लॅपटॉप होते, डेस्कटॉप होते, सर्व्हर होते. आदेश देणारा सर्व्हरसुद्धा त्यातून सुटला नाही.

नाईट कॅपिटल आणि एमरी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात हाताने काम करताना एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्यात यंत्राने एकही सोडला नाही. स्वयंचलनाने चूक नाहीशी होत नाही. ती विस्मरणाच्या जागेवरून लिहिण्याच्या जागेवर सरकते, आणि तिथे ती चाळीसपट होते. पण लिहिलेली चूक आधी वाचता येते, दुसऱ्याला दाखवता येते आणि एका संगणकावर पकडता येते. विसरलेली गोष्ट तशी पकडता येत नाही. म्हणून वरचे पाच टप्पे हा इन्स्टॉलेशनचाच भाग समजा.

१०. निकाल कसा वाचायचा

काम संपल्यावर शेवटी प्रत्येक संगणकाची एक ओळ येते. त्यात चार शब्द पाहायचे. 'ओके' म्हणजे काम नीट पार पडले. 'चेंज्ड' म्हणजे काही बदलावे लागले. 'अनरीचेबल' म्हणजे संगणकापर्यंत पोहोचताच आले नाही. 'फेल्ड' म्हणजे पोहोचलो पण काम फसले.

आता तेच प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवा. सगळीकडे 'चेंज्ड' शून्य आले पाहिजे. अपडेट_कॅशमुळे कधी फरक दिसू शकतो, पण इतर कामांत दुसऱ्यांदाही बदल दिसत असेल तर तुमच्या प्लेबुकमध्ये 'असावे' ऐवजी 'कर' असे कुठेतरी लिहिले गेले आहे.

बंद असलेला संगणक 'अनरीचेबल' दाखवतो. त्याला चालू करा आणि पूर्ण प्लेबुक पुन्हा चालवा. बाकीच्यांना काही होत नाही.

११. नेहमीच्या अडचणी

'परमिशन डिनाईड, पब्लिक की': किल्ली त्या संगणकावर पोहोचलेली नाही किंवा यूजरचे नाव चुकले आहे. एसएसएच-कॉपी-आयडी पुन्हा करा.

'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड': त्या संगणकावर उबुंटू नव्याने टाकले असेल तर त्याची ओळख बदलते. कारण तेच आहे याची खात्री झाल्यावर 'एसएसएच-कीजेन -आर' आणि पुढे पत्ता देऊन जुनी नोंद काढा. आर मोठे आहे. ही तपासणी कायमची बंद करण्याचा सल्ला काहीजण देतात. तो घेऊ नका.

'मिसिंग सुडो पासवर्ड': शेवटी मोठे के द्यायचे राहिले.

'कुड नॉट गेट लॉक': उबुंटू मागे स्वतःचे अपडेट करत आहे. ते संपू द्या आणि मग चालवा. कुलपाची फाईल हाताने पुसू नका.

'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड': इन्स्टॉल होत असताना वीज गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचे आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनाही नवे नसावे. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड अर्धवट राहिलेले काम पूर्ण करते. आयपी पत्त्यांची यादी हाताशी असल्याने त्यासाठीही संगणकापर्यंत चालत जावे लागत नाही.

काम फार हळू चालते: ॲन्सिबल एका वेळी पाचच संगणक घेते. ओळीच्या शेवटी '--फोर्क्स १०' लिहिले तर दहा घेते. पण खरी अडचण बहुधा इंटरनेटची असते. तेच पॅकेज चाळीस वेळा बाहेरून उतरवले जाते. नियंत्रकावर 'ॲप्ट-कॅचर-एनजी' हे पॅकेज बसवा आणि बाकीच्या संगणकांना त्याच्या ३१४२ या पोर्टवरून पॅकेज घ्यायला सांगा. मग पॅकेज बाहेरून एकदाच येते आणि उरलेल्या वेळा लॅबच्या आतच फिरते.

सारांश

ॲन्सिबल फक्त नियंत्रकावर बसवायचे. समोर एसएसएच, पायथन ३ आणि सुडो असलेला यूजर हवा. किल्ली पासफ्रेजसह ठेवायची. यादीत जेवढे संगणक असतील तेवढ्यांवर परिणाम होतो, म्हणून यादी लहान आणि स्वच्छ ठेवायची. प्लेबुकमध्ये काय कर यापेक्षा काय असावे ते लिहायचे. आधी एक, मग पाच, मग सगळे.

सराव

१. दोन संगणक किंवा दोन आभासी यंत्रे घेऊन पाँग मिळवा. नंतर एकावरचा एसएसएच सर्व्हर बंद करा आणि येणारा संदेश वहीत लिहा.

२. 'जीआयटी' पॅकेज असावे असे प्लेबुक लिहा. ते दोनदा चालवा आणि दोन्ही निकालांतील 'चेंज्ड'चा आकडा ताडून पाहा.

३. एका फाईलमध्ये ओळ जोडण्याचे काम आधी शेलने आणि मग लाईनइनफाईलने करा. प्रत्येक तीन वेळा चालवा. फाईल उघडून ओळी मोजा.

४. तुमच्या यादीतील पत्त्यांपुढे संगणकांवरचे क्रमांक लिहून काढा. मग प्रयोगशाळेत फिरून प्रत्येक संगणकावर पत्ता खरोखर तोच आहे का ते पाहा. एखादा तरी चुकलेला सापडेल. तो परीक्षेच्या आधी सापडलेला बरा.